हळदीच्या भुकटीचे सहा पट्टे

मार्च महिन्यातला पहिला रविवार, संध्याकाळी सहाची वेळ. रक्कम घरामागे पाचशे एक रुपये. घरे अठ्ठेचाळीस, म्हणजे एकूण चोवीस हजार अठ्ठेचाळीस. हजर एकतीस जण, त्यात एकोणतीस पुरुष आणि दोन बाया. आमच्या कॉलनीच्या इतिवृत्ताच्या वहीत एवढी नोंद आहे आणि तिच्याखाली ठराव आहे. ओढ्याकाठच्या झाडीत भानामतीचा प्रकार दिसून आल्याने शांती करावी, आणि तांड्यावरच्या शेळ्यावाल्या म्हातारीला यापुढे झाडीत पाऊल टाकू देऊ नये. त्या दोन बायांपैकी एक माझी बायको. तिची सही सत्तावीस नंबरला आहे.

मी हजर नव्हतो. पण ज्याला भानामती म्हटले गेले, ते काम माझे होते.

आमची कॉलनी हिंगोलीच्या कडेला आहे. मागून एक ओढा जातो आणि पुढे कयाधू नदीला मिळतो. ओढा आणि कॉलनी यांच्यामध्ये सव्वादोन एकर मोकळी जागा आहे. कागदावर ती राखीव हरित पट्टा आहे, आणि प्रत्यक्षात बाभूळ, हिवर, बोर, घाणेरी आणि पाण्याच्या कडेने बेशरमाची दाटी. पालिकेकडून सुशोभीकरणाचा निधी यायचा होता. त्याआधी झाडीत कोणते प्राणी-पक्षी आहेत याची पाहणी करून यादी द्या, असे पत्र आले. पहाटे उठायला कोणी तयार होईना. मी बाजार समितीत वजनाच्या नोंदी ठेवतो, चोवीस वर्षे झाली. माझ्या वहीत खाडाखोड नसते हे लोकांना माहीत आहे. म्हणून काम माझ्याकडे आले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी तक्ते दिले, दोन संध्याकाळी बरोबर येऊन ठसे कसे वाचायचे, विष्ठा कशी ओळखायची हे दाखवले, आणि चौदा दिवस सलग नोंद ठेवा म्हणून सांगितले.

पहिल्याच दिवशी मला उलटी आली. प्राण्यांमुळे नाही, माणसांमुळे. ओढ्याकाठच्या पहिल्या दोनशे पावलांत मी लेकरांचे वापरलेले डायपर मोजले, एकशे सतरा. त्यापुढे मोजणे सोडले, कारण तो माझ्या तक्त्याचा विषय नव्हता. कोंबड्यांची आतडी गोणीत बांधून टाकलेली. लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, त्यांत भात आणि त्या भातात अळ्या. जुन्या देवांच्या फुटक्या तसबिरी बाभळीला टेकवलेल्या, आणि त्यांच्या पायाशी कोणीतरी लघवी केलेली. ही सगळी आमच्याच अठ्ठेचाळीस घरांतली माणसे. सकाळी फाटकापाशी एकमेकांना रामराम करतात.

त्यातही प्राणी होते. उदमांजराची विष्ठा मिळाली, तीत बोराच्या बिया होत्या, आणि बियांना गुंडाळलेली दुधाच्या पिशवीची निळी पट्टी. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी काडीने ती फोडून, भिंगाने पाहून, कागदाच्या पुडीत बांधून नंबर टाकला. अशा एकतीस पुड्या झाल्या. एकोणीस पुड्यांत प्लास्टिक होते.

ठशांचे काम मात्र जमेना. आमची काळी माती वाळली की दगड होते, तिच्यावर ठसा उठत नाही. बाईंनी चाळलेली वाळू टाका म्हटले होते. वाळूचा भाव विचारला आणि परत आलो. चुलीची राख टाकून पाहिली तर दवाने तिचे गोळे झाले. तेव्हा मला पॉलिशच्या ढोलाची आठवण झाली. उकडून वाळवलेली हळद ढोलात घालून फिरवतात तेव्हा साल निघते आणि पिवळी भुकटी खाली जमते. मैद्यासारखी बारीक असते, आणि ती कोणी विकत घेत नाही. डोंगरकडा गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने गोणीभर फुकट दिली. वाटेवर हातभर रुंदीचा पट्टा टाकला की सकाळी मुंगसाची पाच बोटे नखांसकट दिसायची. मी स्वतःवर खूश झालो होतो. कॉलनीच्या सचिवांना रीतसर पत्र दिले, की पायांचे ठसे घेण्यासाठी ओढ्याच्या वाटेवर हळदीच्या भुकटीचे सहा पट्टे टाकले जातील. त्यांनी पत्राच्या नकलेवर पोच म्हणून सही केली.

फिरायला येणारे लोक पट्टे तुडवतील म्हणून मी ते दिवस मावळता टाकायचो आणि उजाडताच वाचून, खराट्याने झाडून मोकळा व्हायचो. त्यामुळे नऊ दिवस ते कोणाच्या नजरेस पडले नाहीत. ही माझी पहिली चूक. सगळ्यांना दाखवून टाकले असते तर पुढचे काही झाले नसते.

एकाच माणसाने ते पाहिले होते. शेळ्यावाली म्हातारी रोज सात वाजता अकरा शेळ्या घेऊन तांड्यावरून यायची. वय सत्तरीच्या पुढे. हातात विळा बांधलेली लांब काठी, तिने ती बाभळीच्या शेंगा पाडायची. तिसऱ्या दिवशी मी चौथ्या पट्ट्यापाशी उकिडवा बसून कुत्र्याचा ठसा लिहीत होतो, तर ती मागे येऊन उभी राहिली.

"कुत्रं न्हाई ते, साहेब."

"मग काय आहे?"

"खोकड. कुत्र्याचं पाऊल एवढं बारीक ऱ्हातं का? त्या कापारीत बीळ हाय. जोडी हाय. तुमी खाली मान घालून काय शोधून राहिले? वर पाहा की."

मी वर पाहिले. ओढ्याच्या पलीकडच्या कपारीत, बेशरमाच्या मागे, कोल्ह्यासारखे पण मांजरापेक्षा थोडेच मोठे एक करडे जनावर बसून आमच्याकडे पाहत होते. शेपटीचे टोक काळे. चाळीस पावलांवर. मी तेरा वर्षे त्या कॉलनीत राहतो.

त्यानंतर तिने रोज काही ना काही सांगितले आणि मी प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळून मगच लिहिली. घोरपड कुठे ऊन खाते, पाणकोंबडी कुठे अंडी घालते. तिची एकही नोंद चुकली नाही. नवव्या दिवसापर्यंत माझ्या तक्त्यात एकेचाळीस जातींचे पक्षी होते, आणि नऊ रात्रींपैकी पाच रात्री चौथ्या पट्ट्यावर खोकड.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, मला जवळा बाजार या गावी जावे लागले. तिथल्या वजनकाट्याची तपासणी होती. रात्री परत येईन म्हणून बायकोला पट्टे टाकायला सांगितले. नोंदीत एका दिवसाचीही खोट नको होती. काटा नादुरुस्त निघाला, तपासणी लांबली, मी मेहुण्याकडे मुक्काम केला. शुक्रवार, शनिवार. फोनवर तिने "टाकले पट्टे" एवढे सांगितले. सकाळी झाडून टाक, हे सांगायचे मी विसरलो. ही माझी दुसरी चूक.

त्या शुक्रवारी अमावस्या होती. कॉलनीतलेच लोक अमावस्येला ओढ्याच्या तिवाट्यावर उतारे टाकतात. लिंबू, उकडलेले अंडे, दहीभात. पहाटे पांढऱ्या बुटांत फिरायला निघालेल्या मंडळींना लिंबांच्या शेजारी पिवळेधमक पट्टे दिसले आणि त्यांवर पावले. एकाने आदल्या संध्याकाळी गच्चीवरून एक बाई पाहिली होती, डोक्यावर पदर घेतलेली, वाकून काहीतरी पसरत होती. झाडीत बाई म्हणजे शेळ्यावाली. दुसरी कोण असणार? शनिवारी सकाळी नऊपर्यंत पट्ट्यांवर गोमूत्र पडले होते. रविवारी सभा झाली.

रविवारी रात्री आठला मी घरी आलो. बायकोने पाणी दिले आणि मी पट्ट्यांचे विचारले तेव्हा ती भिंतीकडे पाहायला लागली. मग सगळे सांगितले.

"तू तिथं बसली होतीस?"

"मागं बसले व्हते."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तीस माणसं म्हनून राहिले, बाई व्हती, बाई व्हती. एक जण म्हनला, तिला झाडाला बांधून इचारा. वही आली, मी सही केली."

"पैसे?"

"दिले. पाचशे एक."

मला तिची किळस आली, हे मी इथे लिहितो कारण ते खरे आहे. ताटावरून उठलो. चोवीस वर्षांच्या संसारात असे झाले नव्हते.

पण सोमवारी सकाळी मी काय केले? पत्राची नक्कल खिशात घालून सचिवांकडे गेलो. ते सोसायटीच्या फायली दिवाणाखाली ठेवतात. त्यांनी माझेच पत्र काढले, चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "च्यायला, हे तर मी वाचलंच न्हाई. नुसती सही मारली."

"मग आता सभेला सांगा."

"सांगू की. पन मग लोक इचारतील, ती बाई कोन? तुमच्या मिसेस. चालंल का? तुमाला पोरगी लग्नाची हाय."

मी पत्राची नक्कल परत खिशात घातली.

"शांतीवाल्याला ॲडव्हान्स गेलाय. लोकाच्या मनाचं समाधान हुतं. म्हातारीचं काय, ती दुसरीकडं चारंल शेळ्या. बसा, चहा घ्या."

मी चहा घेतला. त्याला साय आली होती, ती बोटाने काढून बशीत ठेवली आणि उरलेला चहा प्यालो. घरी आलो. मंगळवारी फाटकावर शेळ्यावालीला झाडीत येण्यास मनाई असल्याची पाटी ठोकली गेली आणि शांती झाली. कर्णा लावून, दुपारी एकपर्यंत. शांतीवाल्याने खोकडाचे बीळ दाखवून "हितूनच येतं" म्हटले म्हणे, तेव्हा उत्साही मंडळींनी त्यात टोपलीभर दगड भरले आणि वर सिमेंट थापले. मी खिडकीतून पाहत होतो. चौथ्या पट्ट्याचा तक्ता माझ्या टेबलावर होता. बायकोची किळस करणारा मी, दोन दिवस तोंड शिवून बसलो होतो.

बुधवारी तांड्यावर गेलो. म्हातारी ओसरीवर बसून दोर वळत होती. शेळ्या मोजल्या, दहा होत्या.

"बसा, साहेब. पिवळं खपलं का?"

मी चमकलो. "तुम्हाला माहीत आहे?"

"रोज तुमाला पाह्यते मी. अन् शुक्रवारी शेळ्या घरी नेताना तुमची बाई दिसली. अंधारात रेघ वाकडी पडून राहिली व्हती, म्या म्हनलं जरा इकडं सरक. तिला इचारा."

"मग तुम्ही हे त्या लोकांना का नाही सांगितलं?"

"मला कोनं इचारलं? सोमवारी मी फाटकाशी आले तर सहा गडी काठ्या घेऊन उभे. इचारायला तोंड लागतं. काठीवाल्याला तोंड कुठं ऱ्हातं? शेळ्या उधळल्या. एक गाभण व्हती, ती कापारीवरून खाली पडली. मागचा पाय मोडला."

मग तिने हिशोब सांगितला. मला तो अजून पाठ आहे. गाभण शेळीला बाजारात नऊ हजार आले असते. मोडक्या पायाची म्हणून खाटकाने तीन हजार दोनशे दिले. पाच हजार आठशे बुडाले. पोटातल्या पिलांचे तिने धरले नाही, कारण एक की दोन हे कोणाला माहीत. चोवीस वर्षांत इतका सरळ हिशोब मी आडत्याकडून ऐकला नाही.

मी खिशात हात घातला. ती म्हणाली, "तुमी काहून देता? गुपचूप नको. तांड्यावर लोक काय म्हनून राहिले माहीत हाय? नातीची सोयरीक पाहून राहिलो. परवाच्याला मानसं आली न्हाईत. पैसे त्याहिनं द्यावे, फाटकापाशी, दिवसाढवळ्या. म्हंजी मी काय केलं न्हाई हे दिसंल."

घरी येऊन बायकोला सगळे जसेच्या तसे सांगितले. सोयरिकीचेही. तिने निवडायला घेतलेले तांदळाचे सूप बाजूला ठेवले. एवढेच म्हणाली, "सभा बोलवा."

सचिवांनी नाही म्हणून पाहिले. मी म्हटले, एखाद्या बाईला भानामती करणारी ठरवणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तो गुन्हा तुम्ही ठराव करून, एकतीस सह्या घेऊन वहीत लिहून ठेवला आहे. वहीच्या त्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. सभा पुढच्याच रविवारी लागली.

त्या आठवड्यात चार रात्री वाढवून मी पाहणी पूर्ण केली. बिघडलेल्या दिवसांच्या रकान्यांत "नोंद नाही" लिहिले. सचिव फाटकात भेटले तेव्हा म्हणाले, "त्यात काय, सरासरी टाका." त्यांना वाटले ते मदत करत आहेत. सिमेंट थापल्यानंतरच्या या चारही रात्री खोकडाच्या रकान्यात शून्य आले, ते शून्य म्हणूनच लिहिले. बिळाला दुसरे तोंड असते असे कॉलेजच्या बाई म्हणतात. होते की नव्हते, मला माहीत नाही.

सभेला त्रेपन्न माणसे होती. तमाशा आहे म्हटल्यावर येतात. म्हातारी फाटकाच्या बाहेर दगडावर बसली होती, आत या म्हटले तरी आली नाही. मी पत्र वाचायला उभा राहिलो. दोन ओळी वाचल्या असतील, तोवर मागून बायको उठली.

"पत्र ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी गच्चीवरून पाह्यली ती बाई मी व्हते. पदर जांभळा व्हता. घरी दोरीवर वाळतोय, कोनाला ओळख पटवायची तर चला."

लोकांनी वळून तिच्याकडे पाहिले. नंतर मागच्या रांगेतून एक आवाज आला, "मग वहिनी, आता तुमची शांती करावी का?" आणि लोक हसले. ज्यांनी आठ दिवसांपूर्वी झाडाला बांधा म्हटले होते, तेच मोकळेपणाने हसले. मला तो हशा गोणीतल्या आतड्यांपेक्षा घाण वाटला.

बायको बसली नाही. "हसा. त्या दिवशी भेले म्हनून मी सही केली. तुमी कोनाला भेले व्हते? तिच्या शेळीचे पाच हजार आठशे द्या आन् ती पाटी काढा."

मग तास-दीड तास जे झाले ते लिहायला हात उचलत नाही. गैरसमज झाला, विषय संपवा, म्हणून एक जण. शेळीचा पाय आधीच मोडका नसेल कशावरून, म्हणून दुसरा. शिक्षक आहे तो, गणित शिकवतो. पावती आहे का, असेही एकाने विचारले. शांतीचा खर्च वाचून दाखवा असे मी म्हटल्यावर सचिवांनी वाचला. शांतीवाला आणि सामान मिळून एकवीस हजार. शिल्लक तीन हजार अठ्ठेचाळीस. शिल्लक देऊन टाका, यावर एकमत व्हायला वीस मिनिटे गेली. उरलेल्या रकमेसाठी एकाही घरातून रुपया निघाला नाही. बायको म्हणाली, उरलेले मी देते, माझ्या भिशीचे आहेत.

ठराव रद्द केल्याची ओळ मी वहीत स्वतः लिहिली आणि सह्या घेतल्या. अठरा जण सही न करता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी सात दहाला सचिवांनी फाटकावरची पाटी पक्कडीने उपटली. नळाला पाणी आले होते, बाया भरत होत्या. तांड्यावरची चार माणसे म्हातारीने मुद्दाम बरोबर आणली होती. सचिव नोटा तिच्या विळ्याच्या काठीपाशी दगडावर ठेवायला लागले.

"हातात द्या, भाऊ," ती म्हणाली. "इटाळ न्हाई हुत."

त्यांनी हातात दिल्या. तिने दोनदा मोजल्या, मग माझ्याकडे मोजायला दिल्या, मीही मोजल्या. कॉलनीकडून तीन हजार अठ्ठेचाळीस आणि माझ्या बायकोकडून दोन हजार सातशे बावन्न, एकूण पाच हजार आठशे रुपये, शेळ्यावाल्या म्हातारीला रोख मिळाले.